थैलीचे उपास

मी तोंडाची फटकळ आहे हे आमच्या अख्ख्या सक्करदरा मोहल्ल्याला माहीत आहे. ब्लाउजचा गळा चार वेळा बदलायला लावणाऱ्या बाईच्या हातात पाचव्या वेळी मी कापड परत ठेवते आणि सांगते, दुसरीकडे बघा. पण फटकळ बाई धीट असतेच असं नाही. त्या वर्षी जानेवारीपासून जुलैपर्यंत मी जेवढी भ्याले, तेवढी आधीच्या बेचाळीस वर्षांत मिळूनही भ्याले नव्हते. आणि त्या भीतीपायी मी असा एक मूर्खपणा केला, की माझ्याबरोबर माझी म्हातारी सासूही त्यात भरडली गेली.

संक्रांत दोन दिवसांवर होती. धरमपेठेतल्या एका गिऱ्हाइकाकडे शिवलेले ब्लाउज पोचवून मी स्कुटीने परत येत होते. त्या दिवसांत आमच्याकडे रस्त्यावर कुठेही नायलॉनचा मांजा लोंबकळत असतो, म्हणून गळ्याला स्कार्फ घट्ट गुंडाळला होता. गळा वाचला. समोर हवेत काहीतरी चमकलं, मी करकचून ब्रेक मारला, गाडी घसरली आणि हँडलचं टोक बेंबीच्या डाव्या बाजूला रुतलं. रक्ताचा थेंब नाही की खरचटलं नाही. दोन माणसांनी उठवलं, विचारलं, "लागलं का, ताई?" मी म्हणाले, "काही नाही झालं," आणि मांजावाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गाडी चालवत घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट पाटीसारखं कडक झालं. ताप चढला, श्वास घेतला तरी कळ यायची. नवऱ्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. ते तसंच उघडं टाकून त्याने मला ऑटोत घातलं. दवाखान्यात सर्जनने पोटाला हात लावला आणि लगेच नर्सकडे वळून ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. मला नीट काही कळायच्या आत सह्या झाल्या होत्या.

जाग आली तेव्हा पोटावर डाव्या अंगाला एक प्लास्टिकची थैली चिकटवलेली होती. थैलीच्या आत माझ्याच आतड्याचं एक टोक बाहेर काढून शिवलेलं होतं, लालभडक, ओलं. मोठं आतडं फाटलं होतं आणि रात्रभर घाण आत पसरत होती. सर्जन म्हणाले, "अशा सुजलेल्या, पू झालेल्या पोटात आतडं लगेच जोडलं तर टाका धरत नाही. म्हणून वाट बाहेरून काढली आहे. नंतर पुन्हा पोट उघडू, जोडू आणि हे तोंड बंद करू."

"नंतर म्हणजे कधी?"

"साधारण तीन महिन्यांनी. सगळं नीट असलं तर."

त्या 'असलं तर'कडे माझं लक्षच गेलं नाही. मी फक्त तीन महिने ऐकले आणि मनात कॅलेंडरवर खूण केली.

तिसऱ्या आठवड्यात टाके काढायला गेले तेव्हाच मी सर्जनच्या मागे लागले, की आत्ताच बंद करून टाका, मी सोसेन. ते हसले नाहीत. म्हणाले, "आत्ता तुमची आतडी एकमेकांना चिकटून बसली आहेत. सोडवायला गेलो तर चांगली जागाही फाटेल. सूज उतरू द्या, अंगात ताकद येऊ द्या." मी गाल फुगवून बाहेर आले. खरं म्हणजे ही गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अस्तराचं कापड आधी भिजवून, वाळवून, आटवून घ्यावं लागतं, नाही तर पहिल्या धुण्यात ब्लाउज आखडतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना ओरडून सांगते. परवा लग्न आहे, आजच शिवून द्या, असं म्हणणाऱ्या बायकांना मी दारातून परत पाठवते. आणि आता मीच तशी बाई झाले होते.

थैलीची सवय हातांना लवकर झाली. चिकटपट्टीच्या मधोमध आतड्याच्या मापाचं भोक कापावं लागतं. माप घ्यायला आणि कात्री चालवायला मला कुणी शिकवायला नको होतं. दवाखान्यातली नर्ससुद्धा म्हणाली, "ताई, इतकं गोल आम्हालाही जमत नाही." पण मनाला काही केल्या सवय होईना. थैलीवर आपला ताबा नसतो. ती भरायची तेव्हा भरते, आवाज करायचा तेव्हा करते. माझं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. बायका हात वर करून उभ्या राहतात, मी त्यांच्या छातीला टेप लावते, दोघींमध्ये वीतभरही अंतर नसतं. एकदा एका शिक्षिकेचं माप घेताना पोटातून फुर्रर्र असा लांबलचक आवाज आला. तिने भुवया उंचावल्या. माझे कान तापले. मी झटकन मशीनवर बसून मोटरचं पेडल दाबलं आणि रिकामंच मशीन खडखडवत राहिले. त्यानंतर ती माझी रीतच झाली. पोटात गुडगुडलं की पाय पेडलवर.

पण वासाला मशीन उपयोगी पडत नाही. रोज सकाळी दुकानाचा पडदा बाजूला सारताना मनात यायचं, की आज थैली फुटली तर? आज कुणी नाकाला पदर लावला तर? मोहल्ल्यात एका बाईला कळलं की चार गल्ल्यांना कळतं.

मग एका सोमवारी मला काही खावंसं वाटलं नाही, आणि माझ्या लक्षात आलं की दिवसभर थैली रिकामी राहिली. सपाट. साडीवरून काहीच दिसत नव्हतं. त्या दिवशी सात गिऱ्हाइकं आली आणि मी सगळ्यांशी मोकळेपणाने बोलले, एकीची तर चांगली खरडपट्टीही काढली. कित्येक आठवड्यांनी मी माझ्यासारखी वागले होते.

मंगळवारी जेवले तशी थैली भरली. बुधवारी मी ताटावरून उठले. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, गळ्यात तुळशीची माळ, अंडं तर सोडाच, कांदाही एकादशीच्या आदल्या दिवसापासून घरात शिजू न देणाऱ्या.

"काहून वं, जेवत काहून नाही?"

मला खरं सांगवेना. भूक लपवायची आणि तीही सासूपासून, याला आपल्याकडे एकच सोपा रस्ता आहे. मी म्हणाले, "आई, मी नवस केला आहे. थैली निघेपर्यंत उपास धरणार."

उपास म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय! मी आजारी आहे म्हटलं असतं तर शंभर प्रश्न आले असते. सासूबाईंचा चेहरा उजळला. "बरं केलं, बाई. मंग मीबी धरतो तुह्यासंगं. दोघींचं देव लवकर आयकन."

मी म्हणाले, "तुम्ही नका, आई, तुमचं वय झालं." पण तेही अर्ध्या तोंडानेच म्हणाले. त्यांनी धरला नसता तर त्या माझ्या ताटाकडे बघत बसल्या असत्या. त्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार, मध्ये चतुर्थी, एकादशी. आठवड्यातले चार-पाच दिवस मी चहा आणि वाटीभर ताकावर काढायला लागले. साबुदाणाही नाही, कारण साबुदाणाही थैलीत उतरतोच. सासूबाईही एक केळं आणि चहा. मार्च गेला, ऊन तापलं. नवऱ्याचा कूलरचा सीझन सुरू झाला, तो सकाळी जायचा आणि दमून यायचा. एकदा म्हणाला, "तू लई वाळून राहिली वं." मी म्हणाले, "ऑपरेशन झालं आहे माझं, पहिलवानी नाही करून राहिले." ब्लाउज माझेच मला ढगळ व्हायला लागले तेव्हा मी ते दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवले. एकदा सासूबाई तुळशीपाशी भिंत धरून मटकन खाली बसल्या. "ऊन लागलं," म्हणाल्या. मीही स्वतःला तेच सांगितलं, ऊन लागलं.

तीन महिने झाले. खालच्या बंद आतड्यात औषध सोडून एक्सरे काढला, रक्त तपासलं, वजन केलं. नवऱ्याला दुकान सोडता येईना, म्हणून सासूबाई बरोबर आल्या. मी नवी साडी नेसले होते. आज तारीख मिळणार होती.

सर्जनने एक्सरे उजेडात धरला. "छान. कुठे गळती नाही, कुठे अरुंद नाही. पोटही मऊ आहे." माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी रक्ताचा कागद उचलला, मग वजनाचा आकडा बघितला आणि परत माझ्याकडे बघितलं. "अकरा किलो कमी? रक्तातलं प्रोटीनही फार खाली आहे. तुम्ही जेवता काय?"

"दोन वेळा जेवते की."

"मग जातं कुठे?" ते कागद खाली ठेवून म्हणाले, "हे बघा, आतडं तयार आहे, तुम्ही तयार नाही. मी टाका घालीन, पण तो जुळून यायचा तुमच्या अंगातल्या ताकदीवर. अशा अंगात टाका सुटतो. सुटला तर घाण पुन्हा पोटात. मग पुन्हा थैली लागते, आणि त्या वेळी माणूस हाती लागेलच याची खात्री नाही. मी आत्ता करणार नाही."

मी भ्याले. थैली राहणार म्हणून नाही. 'माणूस हाती लागेलच याची खात्री नाही' हे वाक्य कानात घुसलं आणि तिथेच बसलं.

तेवढ्यात सासूबाई पुढे सरकल्या. "दोन डाव कुठी जेवते, साहेब? माही सून हप्त्याचे पाच दिवस उपास करते. नवस हाय तिचा. मीबी करतो तिच्यासंगं."

सर्जनने त्यांच्याकडे बघितलं. सासूबाईंचा टेबलावरचा हात थरथरत होता. सर्जनने त्या हाताची नाडी बघितली आणि ते माझ्यावर कडाडले, "उपास? फाटलेल्या आतड्यावर? कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

मग माझंही डोकं फिरलं. भीती आणि राग माझ्यात एकाच दारातून बाहेर पडतात. "तुम्ही लावून बघा एक दिवस थैली!" मी ओरडले. "लोकांच्या अंगाशी वाकून मापं घ्या आणि पोटातून आवाज येऊ द्या! मग सांगा मला जेवायला! नवस नाही नि काही नाही! ती भरू नये म्हणून उपाशी राहते मी!"

मी सासूबाईंकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमतच नव्हती.

ऑटोत त्या सक्करदऱ्यापर्यंत माझ्याकडे पाठ करून बसल्या. घरी आल्यावर चप्पल काढली, हातपाय धुतले, आणि देवापुढे न जाता माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुह्यासाठी म्या उपाशी राहून देवाले मांगतलं. अन् तू थैलीले भेऊन उपाशी राह्यली?"

"आई..."

"माह्यासंगं देवालेबी फसवलं वं तुनं." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. त्या आत गेल्या आणि मी दुकानात जाऊन पडदा ओढून घेतला, आणि मशीन न लावता रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात स्टोव्हचा आवाज आला. बघते तर सासूबाई पदराने नाक बांधून, तोंड भिंतीकडे करून बसलेल्या आणि स्टोव्हवर एका जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यात दोन अंडी उकळताहेत. आमच्या घरात शिरलेली ती पहिली अंडी. सर्जनने कागदावर लिहून दिली होती. ती नवऱ्याने नाही, त्यांनी स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली होती. सोलून बशीत माझ्यापुढे ठेवली.

"म्या डोये मिटून उकडली. तू उघडे ठेवून खाय."

मी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे मीठ लावायची गरज पडली नाही.

त्यापुढचे अडीच महिने मी जेवले. अंडी, वरण, दही, शेंगदाणे. थैली भरायची, मी रिकामी करायची, पुन्हा भरायची. गिऱ्हाइकांना मीच आधी सांगून टाकलं, "माझं पोटाचं ऑपरेशन झालं आहे, आवाज आला तर दचकू नका." ती शिक्षिका म्हणाली, "मग त्या दिवशी उगाच मशीन कशाला चालवलं?" आणि हसली. एक-दोन बायका यायच्या थांबल्या. थांबल्या तर थांबल्या.

जूनच्या शेवटी सर्जन म्हणाले, आता करू. आणि गंमत बघा, तारीख मिळाली तशी माझीच गाळण उडाली. ज्या थैलीपायी एवढा तमाशा केला ती आता सोडवेना. थैलीसकट मी जिवंत तर होते! मी विचारलं, "नाहीच केलं तर?"

"तर काही बिघडणार नाही. थैलीवर लोक वर्षानुवर्षं चांगले जगतात. ठरवायचं तुम्ही."

"आणि टाका टिकेल?"

"बहुतेकांचा टिकतो. काहींचा नाही टिकत. तुमचा टिकेलच असं मी लिहून देणार नाही. पण एप्रिलमध्ये नाही म्हणालो होतो, आज हो म्हणतोय."

हा माणूस खोटं बोलत नाही, एवढं मला कळलं होतं. मी सही केली. सहीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला हात डाव्या अंगाला गेला. थैली नव्हती, जाड पट्टी होती. आनंद व्हायला हवा होता. पण मला एकच गोष्ट दिसत होती, आत कुठेतरी ते जोडलेलं आतडं आणि त्यावरचे टाके. जुने टाके निदान डोळ्यांनी दिसत होते. पहिले पाच-सात दिवस महत्त्वाचे, असं सर्जन म्हणाले होते. मी खोकायला भ्यायचे. कुशीवर वळायला भ्यायचे. चौथ्या दिवशी सकाळी नर्सने थर्मामीटर बघितला आणि तडक सर्जनला बोलवायला गेली. ताप होता. सर्जन आले, पोट दाबून दाबून बघितलं, नाडी बघितली, पुन्हा रक्त घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते काहीच नसणं मला सगळ्यात भयंकर वाटलं. मी नवऱ्याचा हात धरून म्हणाले, "मले घरी ने. मले नाही मरायचं इथं." तो म्हणाला, "काही नाही होत," पण त्याचा हात माझ्यापेक्षा गार होता.

दुपारी कळलं, सलाईनची शीर सुजली होती, ताप त्याचा होता. सुई दुसऱ्या हाताला लावली, ताप उतरला. पाचव्या दिवशी पहाटे माझ्या पोटातून तो जुना ओळखीचा आवाज आला, फक्त या वेळी वाट नेहमीची होती. शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "झालं, बाई, सुटली तू!" सर्जनने ऐकून मान डोलावली आणि सांगितलं, आज पातळ वरण-भात द्या.

सासूबाईंनी डबा उघडला. मऊ गुरगुट्या भात, वर पिवळं वरण. चमचा माझ्या तोंडाशी आणला आणि माझं तोंड उघडेना. हा घास खाली उतरणार, उतरत उतरत त्या टाक्यांपाशी जाणार. मी जुनीच युक्ती केली. "मळमळून राहिलं, आई. उद्या खाते."

त्यांनी चमचा परत वाटीत ठेवला. खाटेच्या पलीकडून नवरा हळूच म्हणाला, "आईनं बी काही नाही खाल्लं. ऑपरेशनच्या दिवसापासून नुस्ती चहावर हाय."

मी ताडकन मान वळवली. "आई! हे काय नाटक?"

"नाटक तुनंच शिकवलं," त्या म्हणाल्या. "तू खाशीन तवा मी खाईन. या डाव देवाले काही नाही मांगतलं. तुले मांगून राह्यलो."

त्यांचा चमचा धरलेला हात तसाच थरथरत होता, एप्रिलमध्ये टेबलावर थरथरला होता तसा. मी भ्यालेलीच होते. पण तोंड उघडलं. घास चावण्यासारखा नव्हताच, तरी मी तो कितीतरी वेळ चावला आणि मग डोळे मिटून गिळला. कुणाच्या उष्ट्या पेल्यालाही हात न लावणाऱ्या माझ्या सासूने त्याच चमच्याने दुसरा घास घेतला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मग एक मला, एक त्यांना, असं करत वाटी संपली.

दुपारभर मी पोटावर हात ठेवून कळ यायची वाट बघत पडले होते. कळ आली नाही. संध्याकाळी वॉर्डात भेटायला आलेल्या माणसांची गर्दी झाली, आणि त्या गर्दीत मला एकदम काहीतरी वाटलं, ते काय आहे हे ओळखायलाच मला थोडा वेळ लागला.

"आई," मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "मले भूक लागली."